उडी नाही मारली, म्हणून माणूस वाचला

वाचकांचे प्रश्न : पाणी आणि आपण

पाण्याविषयी प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात आवाहन केलं होतं. पत्रं भरपूर आली, त्यातली काही इथे घेतली आहेत. काही पत्रांतला मजकूर थोडा कापला आहे, नावं सगळ्यांचीच गाळली आहेत. माझी ओळख म्हणाल तर मी पोहायला शिकवते आणि बुडणाऱ्याला बाहेर कसं काढायचं तेही शिकवते. दुसरं काम जास्त अवघड. पोहायला शिकायला येणारा घाबरलेला असतो, म्हणून ऐकतो. वाचवायला शिकायला येणारा शूर असतो, त्यामुळे तो काही ऐकत नाही.

ताई, आम्ही मित्र एका तलावावर गेलो होतो. एकाचा पाय शेवाळावरून घसरला आणि तो खोल पाण्यात गेला. त्याला पोहता येत नाही, मला येतं. पण मी उडी मारली नाही. गाडीत पाण्याचा रिकामा कॅन होता, तो त्याच्याकडे फेकला. त्याने तो धरला. मग दुसऱ्याने दोर आणला आणि आम्ही त्याला ओढून घेतलं. तो आता ठणठणीत आहे, पण त्याच्या घरचे म्हणतात, "पोहता येत असून हा काठावर उभा राहिला." मला ते फार लागलं आहे. मी उडी मारायला हवी होती का?

नाही. आणि हे पान त्याच्या घरच्यांना वाचायला द्या.

एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि शेवटी मेलेल्यांची संख्या वाढते. अशा बातम्या आपण सगळेच वाचतो. पुष्कळदा पहिला कसाबसा काठाला लागतो आणि त्याच्यासाठी गेलेलाच परत येत नाही. हे इतक्या नेमाने घडतं, की ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड फ्रँकलिन आणि जॉन पिअर्न यांनी २०११ साली फक्त याच विषयावर शोधनिबंध लिहिला. उडी मारणारा बहुतेक वेळा घरचाच असतो. विचार करायला तो थांबत नाही, आणि त्यात नवल काहीच नाही.

पण पाण्यात पुढे काय होतं ते समजून घ्या. बुडणारा माणूस त्या घटकेला तुम्हाला ओळखत नाही. त्याला फक्त तोंड पाण्याच्या वर हवं असतं, आणि हाताशी असलेली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमचं डोकं. तो त्याच्यावर चढतो. दोन्ही हातांनी मान आवळलेली असली की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हात मारता येत नाहीत. तुम्हाला पोहता येतं, पण मित्राला गळ्यात घेऊन पोहता येतं का? शिकला नसाल, तर येत नाही.

तुमच्या कॅनचं गणित पाहा. पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावलेला, पाण्यात सुमारे पाच किलो वजन वर धरतो. माणसाचं अंग पाण्यात असतं तेव्हा त्याचा बराचसा भार पाणीच उचलत असतं. प्रश्न पाण्याबाहेर ठेवायच्या डोक्याचा असतो, आणि डोक्याचं वजन जवळपास तेवढंच भरतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण काडीने कोणी वाचल्याचं मी पाहिलेलं नाही. कॅनने माणसं वाचतात. फुटबॉल, थर्मासचा मोठा डबा, गाडीची स्टेपनी, सगळं चालतं. वर तरंगणारं काहीही त्याच्या हातात पडलं की तुम्हाला वेळ मिळतो, आणि त्या वेळात दोर येतो, होडी येते, मदत येते.

तेव्हा क्रम असा. आधी ओरडून माणसं गोळा करा आणि कोणा एकाकडे बोट दाखवून त्याला आपत्कालीन क्रमांकावर फोन करायला सांगा. नुसतं "कोणीतरी फोन करा" म्हटलं की कोणीच करत नाही. बुडणारा हाताच्या अंतरावर असेल तर उभ्याने वाकू नका. जमिनीवर पालथे पडा, मागच्याला तुमचे पाय धरायला सांगा आणि काठी, फांदी, पिळून दोरीसारखी केलेली चादर, जे असेल ते पुढे करा. लांब असेल तर फेका. त्याहून लांब असेल तर होडी. पाण्यात उतरणं हे त्यानंतरचं, आणि तेही ज्याने ते शिकून घेतलंय त्याचं काम.

दोर फेकण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांना वाटतं आपल्याला येतो. माझ्याकडे नवीन आलेल्या मुलांचा पहिला दोर हमखास त्यांच्याच पायाशी पडतो. रिकामा कॅन दोराला बांधून भिरकावला तर वारा त्याला उडवून भलतीकडे नेतो. म्हणून त्यात चार बोटं पाणी घाला. कॅन जड होतो, सरळ जातो आणि तरीही तरंगतो. दोर कॅनच्या मुठीला पक्का बांधा. निम्म्या दोराची वेटोळी फेकायच्या हातात कॅनसोबत, उरलेला दोर दुसऱ्या हातात सैल. शेवटचं टोक पायाखाली दाबून ठेवा, पण मनगटाला गुंडाळू नका. गुंडाळलंत तर तो ओढेल आणि तुम्हीही जाल. आधी त्याला नावाने मोठ्याने हाक मारा. त्याने बघितलं की हात खालून झुलवत फेका, आणि नेम त्याच्यावर धरू नका, त्याच्या पलीकडे धरा. म्हणजे कॅन मागे पडतो आणि दोर त्याच्या खांद्यावर येतो. कॅन अलीकडे पडला तर तो हातभर अंतरावर असूनही त्याला गाठता येत नाही. त्याने दोर धरला की तुम्ही लगेच खाली बसा आणि हातावर हात घेत ओढा. हिसका देऊ नका, त्याची बोटं गारठलेली असतात. नेम चुकला तर वेटोळी नीट करत बसू नका. दोर भराभर ओढून घ्या आणि पुन्हा फेका.

आणि उतरावंच लागलं तर? तरंगणारं काहीतरी घेऊनच उतरा, आणि ते तुमच्या आणि त्याच्या मध्ये ठेवा. हाताच्या टप्प्याबाहेर थांबून ते त्याच्याकडे ढकला. तरी त्याने पकडलंच, तर श्वास घेऊन खाली जा. त्याला वर जायचं असतं, तो सोडतो. सोडलं की त्याला पायाने लांब लोटा. हे निर्दय वाटेल, पण दोघं बुडण्यापेक्षा बरं.

तुम्ही काठावर उभे राहिला नव्हता. तुम्ही शोधलंत, फेकलंत आणि ओढलंत. यापुढे गाडीत दोर तेवढा कायमचा टाकून ठेवा.

माझी सहा वर्षांची मुलगी तरण तलावाच्या उथळ भागात होती. मी काठावर बसून तिच्याकडेच बघत होते. मला वाटलं ती पाण्यात उड्या मारत खेळतेय. एका अनोळखी बाईंनी धावत जाऊन तिला उचललं, तेव्हा कळलं की ती गटांगळ्या खात होती. तिने एक हाकसुद्धा मारली नाही. मी आई असून मला कसं दिसलं नाही?

तुम्हाला दिसलं. फक्त जे दिसतंय ते बुडणं आहे हे कोणी सांगितलेलं नव्हतं. आपल्या मनातला बुडणारा माणूस हात हलवतो, "वाचवा" ओरडतो, पाणी उडवतो. पोहता येणारा दमला आणि घाबरला तर तसं करतोही, आणि त्याला हाकेला ओ देता येते. पण खरोखर बुडायला लागलेल्या माणसाला यातलं काहीही करता येत नाही.

न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी १९७०च्या सुमारास बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून हे दाखवून दिलं. बुडणाऱ्याचं अंग उभं असतं. पाय मारले जात नाहीत. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात, जणू शिडीवर चढतोय. ते हात उचलून हलवणं त्याच्या इच्छेत राहत नाही. तोंड पाण्याखाली जातं, वर येतं, पुन्हा जातं. वर आलेल्या त्या क्षणात श्वास सोडून आत घ्यायचा असतो, मग ओरडायला हवा आणायची कुठून? हे सगळं साधारण २० ते ६० सेकंद चालतं, लहान मुलांत त्यातही लवकर आटोपतं. पाण्यात खेळणारी मुलं कलकलाट करतात. एखादं मूल गप्प झालं की आधी त्याच्याकडे बघा. डोकं मागे कललेलं, तोंड उघडं आणि पाण्याच्या रेषेवर, केस डोळ्यांवर आलेले आणि ते मागे सारत नाही, नजर काचेसारखी. "बरी आहेस ना?" असं विचारा. उत्तर आलं नाही तर पुढचा विचार पाण्यात उतरून, तिला उचलून झाल्यावर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, आणि त्यातली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. ती काही समुद्रात पोहायला गेलेली नव्हती. घरातली बादली, टाकी, अंगणातला हौद, दाराशेजारचा खड्डा. धडपडत चालणाऱ्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. ते बादलीत डोकावलं आणि आत कलंडलं की त्याला स्वतःहून वर येता येत नाही. पाच-सहा सेंटिमीटर पाणी पुरतं. म्हणून बादली वापरून झाली की लगेच रिकामी करून पालथी घाला, टाकीला कुलूप लागेल असं झाकण करा.

तुमच्या मुलीसाठी दोन गोष्टी करा. सहा वर्षांच्या, न पोहणाऱ्या मुलाजवळ मोठ्या माणसाने पाण्यातच असायला हवं, हात लांब केला की मूल हाताला लागेल एवढ्या अंतरावर. काठावरून धावत येईपर्यंत तो मिनिट संपतो. आणि दंडात घालायच्या फुगवलेल्या पट्ट्यांवर विसंबू नका. त्या निसटतात, त्यांची हवा जाते. शिवाय त्यांच्यामुळे मुलाला पाण्यात उभं राहायची सवय लागते, आणि तीच नेमकी बुडणाऱ्याची अवस्था.

जाता जाता, मोठं कुटुंब सहलीला गेलं की धोका वाढतो, कारण दहा मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं उरलेले नऊजण बघताहेत. एकाला नेमा. त्याने फोन खिशात ठेवायचा, गप्पांत शिरायचं नाही, आणि अर्ध्या तासाच्या आत "आता तू" असं तोंडाने सांगून दुसऱ्याकडे सोपवायचं.

मी बारावीला आहे. आमच्या तलावात न थांबता कितीही फेऱ्या मारतो. मित्रांबरोबर नदीवर जायचं म्हटलं की आई अडवते. पोहता येत असताना कसली भीती? शिवाय पाण्याखाली श्वास रोखण्यात माझा कोणी हात धरत नाही.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मला नदीपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटली, म्हणून ते आधी.

खाली जाण्याआधी तू भराभर खोल श्वास घेत असशील. सगळेच घेतात. त्याने रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण तो आधीच जवळजवळ भरलेला असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि "आता श्वास घे" ही तडफड प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. म्हणजे तू धोक्याची घंटाच काढून ठेवतोस. आत ऑक्सिजन संपत येतो, तुला काहीच जाणवत नाही, उलट छान वाटतं, आणि दिवा विझावा तशी शुद्ध जाते. मग शरीर आपोआप श्वास घेतं, पाण्यात. यात चांगले पोहणारेच जातात, कारण बाकीचे एवढा वेळ खाली राहूच शकत नाहीत. पैज लावणं बंद कर. आजपासून.

आता नदी. तलावात पाणी थांबलेलं असतं, तळ दिसतो, कडेला धरायला दांडा असतो. नदीत यातलं काही नाही. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की ढकलणारा जोर चौपट. गुडघाभर पाण्यात उभा राहायला गेलास आणि पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकलं, तर प्रवाह तुला पुढे आडवा पाडून दाबून धरतो, आणि तुला उठता येत नाही. म्हणून ओढीत सापडलास तर उभा राहू नकोस. उताणा हो, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याच्या वर, आणि हात मारत तिरका काठाकडे सरक. एक अपवाद आहे : पुढे पडलेलं झाड किंवा अडकलेल्या फांद्या दिसल्या आणि चुकवता येत नसतील, तर उलटा वळ, डोकं पुढे करून जोरात हात मार आणि फांदीवर चढून जा. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

बंधाऱ्याच्या पायथ्याशी तर कधीच जायचं नाही, वरून चार फूट पाणी पडत असलं तरी. पडणारं पाणी तळाला जातं, पुढे वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडे मागे फिरतं. त्यात सापडलेली वस्तू गोल गोल फिरत राहते. तिथल्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते नीट तरंगूही देत नाही. बचाव पथकंसुद्धा तिथे होडी घालायला कचरतात.

सूर मारायचा असेल तर आधी पाण्यात उतरून खोली पाहा. वरून बघितलं की पाणी खऱ्या खोलीच्या पाऊणपटच दिसतं, आठ फूट असेल तर सहा वाटतं. त्यामुळे "कमरेएवढंच आहे" म्हणून उतरलेला गळ्यापर्यंत जातो. उलट गढूळ पाण्यात खोली कळतच नाही, आणि हातभर खाली दगड असला की मान मोडते. मान मोडून पाण्यात पालथा पडलेला माणूस हात हलवू शकत नाही. पुढचं तुला सांगायला नको.

आणि गारठा. उन्हाळ्यात खोल पाणी वर कोमट आणि खाली थंड असतं. १५ अंशांखालच्या पाण्यात अंग एकदम गेलं की छाती आपोआप मोठा श्वास ओढते, धाप लागते, ती थांबवता येत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर तुझ्या सगळ्या फेऱ्या वाया. ब्रिटन आणि आयर्लंडची आरएनएलआय ही सागरी बचाव संस्था यासाठी एकच शिकवते : पोहू नका, तरंगा. डोकं मागे टाक, कान पाण्यात बुडू दे, हात हळूहळू हलव. पाय खाली गेले तर जाऊ दे. मिनिट-दीड मिनिटात धाप उतरते. मग ठरव कुठे पोहायचं ते. हे तरंगणं तुझ्या तलावात कपडे घालून करून बघ. जमलं की आईला दाखव. ती मग नदीबद्दल काय म्हणते ते तिचं ती ठरवेल, मी मध्ये पडणार नाही.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढावं की नाही? आमच्याकडे थोरली माणसं पालथं घालून पाठ थोपटतात, पाय धरून उलटंही करतात. मी प्रथमोपचाराच्या वर्गात नुसती छाती दाबायला शिकलो. कोणाचं खरं?

थोरल्यांचं चूक, आणि तुमच्या वर्गाचं या प्रसंगापुरतं अर्धं.

पोट दाबल्यावर जे पाणी बाहेर येतं ते पोटातलं. ते बघून सगळ्यांना वाटतं काम झालं. पण त्याच्याबरोबर अन्नही वर येतं आणि बेशुद्ध माणसाच्या श्वासनळीत उतरतं. फुप्फुसात गेलेलं पाणी सहसा थोडंच असतं, आणि ते दाबून किंवा उलटं टांगून निघत नाही. या खटाटोपात जी एक-दोन मिनिटं जातात, ती त्याच्याकडे नसतात.

आता छातीचं. चालता चालता हृदय बंद पडून कोसळलेल्या माणसाच्या रक्तात अजून ऑक्सिजन असतो, म्हणून नुसती छाती दाबून तो फिरवत राहिलं तरी काही वेळ भागतं. बुडालेल्याचं उलटं आहे. त्याचा ऑक्सिजन आधी संपला आणि त्यामुळे हृदय थांबलं. रिकामं रक्त फिरवून काय मिळणार? त्याला आधी हवा द्या.

उताणा झोपवा. हाक मारून, खांदे हलवून बघा. डोकं मागे झुकवा, हनुवटी उचला आणि दहा सेकंदांच्या आत ठरवा की श्वास नीट चालू आहे का. अधूनमधून आचके येत असतील तर तो श्वास धरायचा नाही. नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड घट्ट लावा आणि छाती वर येईपर्यंत फुंका. युरोपातल्या पद्धतीत सुरुवातीला असे पाच श्वास देतात, अमेरिकेतल्या पद्धतीत दोन. जे शिकला असाल ते करा, वाद नंतर घाला. मग छातीच्या मधोमध तळहात ठेवून ३० वेळा दाबा, मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३०. मदत येईपर्यंत किंवा तो हालचाल करेपर्यंत. हृदयाला झटका देणारं यंत्र आलं तर छाती पुसून लावा, पण त्याची वाट बघत श्वास थांबवू नका. तोंडाला तोंड लावायची तयारी नसेल, तर नुसती छाती दाबा. हातावर हात धरून बसण्यापेक्षा ते बरं.

दोन गोष्टी तुम्हाला घाबरवतील. तोंडातून फेस येईल, पांढरा किंवा गुलाबीसर. तो पुसत बसू नका, पुसाल तितका येतो. त्यातूनच श्वास देत राहा. आणि उलटी होईल, जवळजवळ ठरलेलीच. एका कुशीवर वळवा, बोटाने तोंड साफ करा, परत उताणं, परत सुरू.

शुद्धीवर आला, बोलायला लागला, "मला काही झालं नाही" म्हणाला, तरी दवाखान्यात न्यायचाच. श्वास द्यावा लागलेल्या माणसाला काही तासांनंतर पुन्हा त्रास होऊ शकतो. श्वास चालू असून शुद्ध नसेल तर कुशीवर ठेवा, ओले कपडे काढा, कोरडं पांघरा.

पोहताना पाणी प्यायलेलं मूल तीन-चार दिवसांनी झोपेत "कोरडं बुडतं" असा संदेश फिरतोय. माझा मुलगा परवा थोडं पाणी प्यायला. रात्रभर जागी आहे.

झोपा. "कोरडं बुडणं" वगैरे प्रकार डॉक्टरांनी २००२च्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या जागतिक परिषदेपासून मोडीत काढले आहेत. नाकातोंडात पाणी गेल्यावर त्रास व्हायचाच असेल तर तो पहिल्या काही तासांत दिसतो : न थांबणारा खोकला, भराभर श्वास, छातीत घरघर, भलतीच सुस्ती. असं दिसलं तर थेट रुग्णालय. परवा पाणी प्यायलेलं आणि आज घरभर नाचणारं मूल त्या पाण्याने बुडत नाही. तो संदेश पुढे पाठवू नका.

समुद्रात ओढ लागली तर काय करायचं? किनाऱ्याकडे जोर लावायचा ना?

तेच करायचं नाही. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेलं पाणी अरुंद वाटेने परत जातं, तीच ओढ. तिचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जाऊ शकतो. तेवढ्या वेगाविरुद्ध ऑलिंपिकवालाही पोहत नाही. ती खाली खेचत नाही, लांब नेते, आणि माणूस मरतो तो उलट पोहून दमल्यामुळे. तरंगा, हात वर करा, ओरडा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा आणि लाटा फुटताहेत तिथून आत या. काठावर उभं असताना ती जागा फसवी दिसते : दोन्हीकडे पांढऱ्या लाटा आणि मध्ये गडद, शांत पट्टा. नवखी माणसं नेमकी तिथेच उतरतात, "इथे लाटा कमी आहेत" म्हणून.

पुराच्या पाण्यातून गाडी कितपत नेता येते?

नेऊ नका. वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी माणसाला पाडतं, ३० सेंटिमीटर लहान गाडी हलवतं, ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं. त्यात पाण्याखाली रस्ता शाबूत आहे का ते दिसत नाही. गाडी पाण्यात गेलीच, तर ती लगेच बुडत नाही, साधारण मिनिटभर तरंगते. फोन करू नका, दारही उघडू नका, ते पाण्याच्या दाबाने उघडणार नाही आणि उघडलं तर गाडी क्षणात भरेल. पट्टा सोडा, काच खाली करा, आधी मुलांना बाहेर काढा, मोठी मुलं पहिली, मग स्वतः. टपावर थांबणं शक्य असेल तर थांबा.

मुलासाठी लाइफ जॅकेट ऑनलाइन मागवलं आहे. ते बरोबर आहे हे कसं ओळखू?

आत शिवलेलं लेबल वाचा, त्यावर किती किलो वजनाच्या माणसासाठी ते दिलेलं असतं. वयावर जाऊ नका आणि "वाढत्या अंगाचं" तर मुळीच घेऊ नका. मुलाला घालून सगळे पट्टे आवळा, त्याला दोन्ही हात वर करायला सांगा आणि खांद्यांपाशी धरून जॅकेट वर उचला. ते हनुवटीच्या, कानांच्या वर सरकलं तर पाण्यातही तसंच सरकेल आणि मूल खालून निसटेल. लेबलवर १५० न्यूटन लिहिलं असेल तर ते बेशुद्ध माणसालाही बहुधा उताणं करतं. ५० न्यूटनचं फक्त पोहता येणाऱ्याला मदत म्हणून असतं, लहान मुलासाठी ते नको. मानेमागे डोकं टेकायला कॉलर हवी आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. तुमच्या जॅकेटला तो पट्टा नसेल तर परत पाठवा, मुदत संपायच्या आत.